माझ्या भुवयांचे मार्क

पत्ते खेळायला बसलं की आमच्या सोसायटीतल्या बायका मला मुद्दाम विरुद्ध बाजूला घेतात. हातात एक्का आला की माझ्या भुवया वर जातात आणि दुर्री-तिर्री आली की खालचा ओठ बाहेर येतो, म्हणे. मला यातलं काही कळत नाही, मी आपली गंभीरपणे खेळत असते. आमचे हे तर लग्न झाल्यापासून सांगतायत की तू तोंड उघडलं नाहीस तरी तुझं म्हणणं चार घरांना कळतं. मी ते हसण्यावारी नेत आले. पण या चेहऱ्यापायी एका पोरीचं वर्ष पाण्यात जायची वेळ आली, तेव्हा काही मला हसू आलं नाही.

वाशीला एका क्लासमध्ये मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एका बॅचला साठ पोरं, आणि आवाज असा की खालचा झेरॉक्सवालासुद्धा दहावी पास झाला असता. छप्पन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी जिने नको म्हटले, तेव्हा क्लास सोडला आणि चार महिने घरी बसले. तेवढ्यात ह्यांनी रोज संध्याकाळी दोन-दोन तास फिरायला जायला सुरुवात केली, एकट्याने, यावरून काय ते समजा. मग ओळखीतल्या एकीने सीवूड्सजवळच्या एका छोट्या शाळेबद्दल सांगितलं. अभ्यासात अडणाऱ्या मुलांना एकेकटं घेऊन बसायचं, असं काम होतं. मी म्हटलं, साठांना पुरून उरले, एकाला काय घाबरायचं.

शाळा क्वेकर विचारांची. मला तर हा शब्दच नवा होता. ख्रिस्ती लोकांतला तो एक साधा पंथ. आमच्या शाळेने त्यांच्यातली जी रीत उचलली, तिच्यात पाद्री नाही, पूजा नाही. सगळ्यांनी एकत्र गप्प बसायचं आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्याने उठून सांगायचं. शाळा काढणाऱ्या बाई परदेशात अशाच शाळेत शिकवून आलेल्या होत्या. मुलं मात्र आपलीच, बहुतेक नेरूळ-सीवूड्सच्या फ्लॅटमधली, थोडी करावे-सारसोळे गावांतली. दर बुधवारी सकाळी अख्खी शाळा वीस मिनिटं गप्प. एका मुलाच्या वडिलांनी मला हळूच विचारलं होतं की यात देव कुठला असतो. मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, मी त्या वेळात रात्रीची भाजी ठरवते.

बाकीच्या रीतीही अशाच. कुणाला मॅडम म्हणायचं नाही, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ताई आणि दादा. तीस वर्षं मॅडम म्हणवून घेतलेल्या बाईला पहिले काही दिवस हे जरा जडच गेलं. ‘आईशप्पथ’ म्हणायचं नाही, कारण तुमचा साधा शब्दच खरा असला पाहिजे, शपथ घेऊन तो जास्त खरा होत नाही. आणि शिक्षकांच्या बैठकीत हात वर करून मोजणी करायची नाही. एकाचंही मन तयार नसेल तर गप्प बसायचं, परत बोलायचं, परत गप्प बसायचं. आमच्या सोसायटीत ही पद्धत आणली तर लिफ्ट दुरुस्त व्हायला पुढची पिढी उजाडेल.

तर ती पोरगी. मला तिथे चौथं वर्ष लागलं तेव्हा माझ्याकडे आली. करावे गावातली, नववीतली. वडील द्रोणागिरीकडे एका गोदामात कामाला, आई मासळी बाजारात बसायची. डोक्याने तल्लख, पण छापलेली अक्षरं तिच्यापुढे जागेवर राहायची नाहीत. एक परिच्छेद वाचायला माझा अख्खा चहा संपायचा, आणि शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत पहिली तिच्या हातून निसटलेली असायची. आधीच्या शाळेत पाचवीत तिला एकदा मागे ठेवलं होतं. म्हणून आमच्याकडे तिची परीक्षा तोंडी घ्यायची असं ठरलं आणि तिला माझ्याकडे सोपवलं. मी धडा मोठ्याने वाचायची, ती ऐकायची, मग मी प्रश्न विचारायची.

काय सांगू, पोरगी फुलत गेली. दिवाळीनंतर वीसपैकी बारा, मग चौदा, जानेवारीत सतरा. उत्तराला सुरुवात करायची, मध्येच किंचित थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुढे सुसाट. मला वाटायचं, विचार करते. प्रत्येक उत्तराच्या शेवटी एकच प्रश्न असायचा, “बरोबर ना, ताई?” मी अभिमानाने मान हलवायची. घरी येऊन ह्यांना तिचे मार्क असे सांगायची की माझ्याच पोटची पोर वाटावी.

जानेवारीच्या बैठकीत तिच्या वर्गताईंनी विषय काढला. त्या तरुण होत्या, सौम्य होत्या, पण म्हणणं सोडत नव्हत्या. वर्गात ही काहीच बोलत नाही, दहावी झेपणार नाही, नववीत आणखी एक वर्ष राहू दे, असं त्यांचं मत. मी तिथल्या तिथे उसळले. पोरीने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की परत मागे ठेवलं तर ती शाळा सोडून आईबरोबर बाजारात बसणार. गावातल्या तिच्या दोन मैत्रिणी दहावीला जाणार आणि ही धाकट्या मुलींबरोबर त्याच बाकावर. मी मार्कांची वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं की वर्गात बोलत नसेल तर तो वर्ग घेणाऱ्यांनी विचार करावा. बोलायला नको होतं, पण बोलले. बराच वेळ सगळे गप्प बसले. शेवटी वर्गताई म्हणाल्या की त्या आड येत नाहीत. मार्चमधली तोंडी परीक्षा मीच घ्यायची आणि पास झाली तर दहावी, असं लिहून झालं.

फेब्रुवारीत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी शाळेत गेले ती डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून. चष्मा कसला, निम्मं तोंड त्यात जायचं. पोरांनी हसून घेतलं. ती समोर येऊन बसली आणि मी सोप्यातला सोपा प्रश्न टाकला, आम्लाने कुठल्या रंगाचा लिटमस कागद बदलतो, लाल की निळा. ती म्हणाली, “ला...” आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नि...” आणि परत थांबली. पुढचा प्रश्न, तेच. त्याच्या पुढचा, तेच. माझं डोकं सटकलं. आठ दिवस मी नाही तर पुस्तकाला हात लावला नाहीस ना, कार्टे, म्हणून मी वाशीचा आवाज काढला. शेजारच्या खोलीतलं गाणं बंद पडलं.

ती रडली-बिडली नाही. जरा पुढे वाकली आणि म्हणाली, “ताई, तो चष्मा काडा ना.”

मी म्हटलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, नाही काढता येत.

“मंग मला कसं कलनार, बरोबर चाललंय का चूक?”

मला आधी काही समजेचना. मग तिने अगदी सरळपणे समजावलं, जसं मी तिला धडा समजावायची तसं. चुकीचा शब्द यायला लागला की माझी डावी भुवई खाली येते. बरोबर असला की दोन्ही वर जातात. अगदीच भरकटली तर मी पेनाचं टोपण काढते. म्हणून ती अर्धा शब्द बाहेर काढून बघायची आणि मग उरलेला बोलायची. यात काही गैर आहे हे तिच्या गावीही नव्हतं. शिकवण्याची हीच पद्धत असेल, असं तिला वाटत होतं.

मी तिला माझ्या मागे बसवलं आणि जानेवारीतलेच वीस प्रश्न परत विचारले. सात आले. सतरातले सात तिचे, बाकी दहा माझ्या भुवयांचे. मी वळले तशी माझं तोंड बघून ती घाबरली आणि म्हणाली, “आईशप्पथ ताई, मी कॉपी नाय केली.” शाळेत तो शब्द चालत नाही, पण मी तिला टोकलं नाही. मला फार लाज वाटत होती, आणि ती तिची नव्हती.

आता खरं सांगायचं तर पहिला विचार चांगला आला नाही. मार्चपर्यंत चष्मा निघणार होता. परीक्षा मीच घेणार होते. मी नुसतं समोर बसले असते तरी पोरगी दहावीत गेली असती आणि कुणाला कळलं नसतं. रात्री ह्यांना सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले, आणि मग हसायचे थांबले. म्हणाले, “आणि दहावीला बोर्डाच्या परीक्षेत तिच्यासमोर कोण बसणार? तू?” माणूस बोलतो कमी, पण बोलतो तेव्हा असं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. वीस मिनिटांत मला एकही भाजी सुचली नाही. दुपारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, भुवयांसकट, पेनाच्या टोपणासकट. वर्गताईंची माफी मागितली. त्या ‘मी म्हटलंच होतं’ असं एका शब्दाने म्हणाल्या नाहीत, त्याचा मला उलट जास्त राग आला. मुख्याध्यापक दादांनी ठरलेलं लिहून वाचून दाखवलं. परीक्षा होईल, पण बाहेरचं कुणीतरी घेईल, जिने किंवा ज्याने तिला कधी पाहिलेलं नाही. सगळ्यांची मनं तयार झाली. मी एवढंच म्हटलं की ज्याच्या तोंडावरची माशी हलत नाही असा माणूस शोधा. हातात तीन आठवडे होते.

परीक्षा आता परका माणूस घेणार हे कळलं आणि पोरगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली. मैत्रिणींबरोबर निरोप आला की ती आता येणार नाही. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस वाट पाहिली, आणि रविवारी सकाळी चष्मा लावून मी तडक मासळी बाजार गाठला. आईच्या बाजूला ओल्या ओट्यावर बसली होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. आईने मात्र उठून स्टूल पुसून दिलं.

तिथे दहा मिनिटं बसले आणि मला सगळा उलगडा झाला. एक गृहस्थ आले, सुरमई उलटी-पालटी करून भाव विचारायला लागले. पोरगी आईला पुटपुटली, हा नाय घेनार. तो गेला. एक बाई नुसत्या लांबून चालत येत होत्या, तर हिने कोलंबी पुढे सरकवली. त्यांनी कोलंबीच घेतली. आई मला कौतुकाने सांगत होती, चार वर्साची हाय तवापासून बसते माज्यासंगं, गिऱ्हाईकाला काय पायजे ते त्याला ठावं नसतं तवा हिला ठावं असतं. मी सहज म्हणून बांगड्याकडे बोट केलं. पोरगी खाली बघूनच म्हणाली, “आई, ताईंना पापलेट पायजे.” आणि खरंच मला पापलेट हवं होतं. चष्म्यातून काय दिसलं हिला, देव जाणे.

मी तिला म्हटलं की चूक माझी आहे, तुझी नाही. मी शिकवायचं सोडून नुसती समोर नाचत होते. उद्यापासून ये, मी भिंतीकडे तोंड करून बसेन. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाली, “तुमाला नाय जमनार.” मी म्हटलं, बघच तू.

सोमवारी आली. आणि कार्टीचंच बरोबर होतं, मला जमेना. मी खिडकीकडे तोंड करून बसायची, ती माझ्या पाठीकडे बघून उत्तर द्यायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ताई, चूक झालं की तुमचा खांदा वर जातो. मी अंगावरून शाल घेतली, फेब्रुवारीच्या उकाड्यात. मग म्हणाली, बांगड्या वाजतात. बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. मग म्हणे, बरोबर असलं की तुम्ही श्वास सोडता. आता श्वास कुठे ठेवू, बाई? शेवटी मी खोलीच्या बाहेर, दाराच्या आड खुर्ची टाकली आणि तिथून प्रश्न विचारायला लागले. जाणारी-येणारी पोरं विचारायची, ताई, तुम्हाला बाहेर काढलं का? मी म्हणायची, हो, मस्ती करत होते.

दाराआडून पहिले चार दिवस नुसती शांतता. एक शब्द यायचा आणि बंद. “बरोबर ना, ताई?” मी ओठ मिटून बसायची. बोलायचं नाही, हुं करायचं नाही, खोकायचं नाही; तीस वर्षांत मला कुठल्या पोराने एवढं छळलं नव्हतं. आत ती हुंदके देतेय असं एकदा वाटलं आणि मी अर्धी उठले. परत बसले. पाचव्या दिवशी उत्तर आलं, मग बराच वेळ काही नाही, मग तिने ते स्वतःच बदललं आणि नवं उत्तर दिलं. ते बरोबर होतं. मी नंतर विचारलं की एवढा वेळ काय करत होतीस. म्हणाली, बुधवारी बसतो तशी बसले, आत काय वाटतंय ते बगितलं. पहिलं उत्तर आतून पटत नव्हतं. मी चार वर्षं त्या शांततेत दुधी आणि पडवळ ठरवत बसले, आणि ही पोरगी तिथून हे घेऊन आली होती. त्यानंतर तिचं ‘बरोबर ना, ताई’ कमी होत गेलं. लिटमसचं तेवढं कधी लाल, कधी निळा, असं चालायचं.

परीक्षेच्या दिवशी माझा रक्तदाब, त्याबद्दल न बोललेलं बरं. चष्मा निघाला होता. ठरवलेले खडूस गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी दुसरेच सर आले. इतका हसरा, इतका मायाळू माणूस मी शाळेत पाहिला नव्हता. पाणी दिलं तरी मान डोलवायचे, पंखा लावला तरी वा वा. हा माणूस समोर बसला तर लहान मूलसुद्धा त्याच्या तोंडावरून पास होईल. मी दादांना म्हटलं, परीक्षा पुढे ढकला. दादा म्हणाले, तिला विचारू या. ती म्हणाली, नको, आजच देते. दार लागलं.

दाराला वरच्या बाजूला काचेची पट्टी आहे. मी बघणार नव्हते, पण बघितलं. सर कागद हातात घेऊन हसत होते. तिने हात वर केला आणि काहीतरी बोलली. सर जरा गोंधळले. तिने परत सांगितलं, बोटाने खिडकी दाखवली. मग सर उठले, खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मला पुढचं दिसेना, कारण नव्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि डॉक्टरांनी डोळा चोळायचा नाही म्हणून बजावलं होतं.

पाऊण तासाने दार उघडलं. मी बाहेरच उभी, तोंडावर बहुतेक जगातले सगळे प्रश्न एकदम. ती माझ्याकडे न बघता खाली वाकून सँडलचा पट्टा लावत बसली.

मी विचारलं, कसं गेलं.

ती म्हणाली, “लिटमस उलटा सांगितला. भायेर येताना कललं. बाकीचे सोला बरोबर हाईत, तीन मला आलेच नाय.”

मी म्हटलं, सर अजून आत आहेत, चल, सांगून टाकू. तिने पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाली की राहू दे ताई, चुकलं ते चुकलं. आणि सँडल वाजवत मैत्रिणींकडे निघून गेली.

सर कागद घेऊन बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या हातून तो जवळजवळ ओढूनच घेतला. वीसपैकी सोळा. तीन जागा कोऱ्या, आणि एकच फुली, लिटमससमोर.